हळदीच्या काट्यावर एकाहत्तर किलो

१२ जानेवारी
आमच्याच दैनिकाच्या पान सहावर बातमी: किडनीचा कॅन्सर पसरलेल्या रुग्णांत, उपचार घेताना जाड माणसं बारीक माणसांपेक्षा जास्त जगलेली दिसली. वीस वर्षं माझ्या पोटावर हसलेल्या सर्वांना कात्रण पाठवलं. माझी डावी किडनी काढलेली, रोग फुप्फुसात, रोज गोळी चालू. वजन मात्र ब्याऐंशीवरून चौसष्ट. संकल्प: होळीपर्यंत ऐंशी.

१५ जानेवारी
नांदेडला डॉक्टरांना कात्रण दाखवलं. म्हणाले, ती माणसं उपचार सुरू होतानाच जाड होती, आणि ती का जास्त जगली हे नक्की कुणालाच ठाऊक नाही. आता चरबी चढवा असं कुणी म्हटलेलं नाही. डाळ, अंडी खा, रोज अर्धा तास चाला, हातापायांचं मांस टिकलं पाहिजे. पाय सुजले तर लगेच फोन.
सारांश: डॉक्टर सहमत.

१९ जानेवारी
चालणं स्थगित. वारा गार आहे. अंडी निषिद्ध; एवढं संस्कृत शिकल्यावर अंडं घशाखाली उतरत नाही. घरचा काटा चौसष्टवरच अडलाय, बिघडला असावा. मोंढ्यात नासेरभाईच्या हळदीच्या आडतीवर जाऊन पोत्यांच्या काट्यावर उभा राहिलो. सहासष्ट! मफलर, चपला, मोबाइल, किल्ल्यांचा जुडगा धरून. नासेर म्हणाला, पोत्याचं बारदान वजा करावं लागंल, आणि दोन किलो कापले. वजावट नोंदवलेली नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदनाचं वार्तांकन. तीन जिलब्या खाल्ल्या. एक पोटात राहिली.

४ फेब्रुवारी
कनेरगाव नाक्यावर ढाब्यात फुल थाळी मागवली. चार घास गेले. बाकीची नासेरने संपवली. निरोगी माणसाच्या अंगावर वाया गेली.

१० फेब्रुवारी
अडुसष्ट! चपला न घालता. त्या पायात शिरतच नाहीत. अनुसूया विचारत होती, पाय काहून सुजले, डॉक्टरांना फोन करू का. बायकोला नवऱ्याचं बाळसं बघवत नाही.

१७ फेब्रुवारी
एकाहत्तर!! शिंप्याकडे अडतीस कमरेची पँट टाकली. नासेरने आज बारदान कापलं नाही. माझ्या पायांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पंत, ओली हळद बी काट्यावर लई भरती. आमी दाबून पाहतो अगोदर."
व्यापारी माणूस. दुसऱ्याची भरभराट सोसत नाही.

२० फेब्रुवारी
नांदेड. अनुसूया सोबत आली. मी एकाहत्तर म्हणालो. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. तो भरायची वाट बघत आम्ही तिघं बसलो.
पाणी. खालचं मांस उतरलेलं. कधीपासून, असं त्यांनी मला विचारलं. उत्तर अनुसूयेनं दिलं.
"दहा दिवस झाले. ह्यांनी फोन करू दिला न्हाई. म्हणले, डॉक्टर वजन उतरवतील."
अंगात ताकद येईपर्यंत कॅन्सरची गोळी बंद. किती दिवस, ते मी विचारलं नाही.

२७ फेब्रुवारी
पाणी उतरलं. नवी पँट नाडीने बांधून आडतीवर गेलो. चालत. रस्त्यात दोनदा बसलो. सकाळी अंडं खाल्लं होतं, तेही धरून एकोणसाठ.
मीच म्हणालो, खिशात किल्ल्या आहेत, मोबाइल आहे, वजा कर.
नासेरने काट्याकडे पाठ केली. "राहू द्या पंत. एकोणसाठच."