मेहंदी आणि कत्थई

अमरावती, बुधवार दुपार

प्रिय आपा,

सलाम. हे पत्र आपला भाऊ फुरकान दुकान टाकून स्वतः घेऊन येतोय, यावरूनच तू ओळखलं असशील की मामला साधा नाही. अब्बांची तब्येत ठीक आहे, आत्ता जेवून आडवे झालेत. तू आधी एक काम कर आणि मग बाकीचं वाच. तुझ्या अफनानला सोमवारी मूर्तिजापूरच्या कापसाच्या जिनिंगवर जाऊ देऊ नकोस. ताप आलाय म्हण, पोट बिघडलंय म्हण, दुल्हाभाईंना काय सांगायचं ते तुझं तू बघ. वायरमन म्हणून पोराचं हे पहिलं स्वतंत्र काम आहे, मला ठाऊक आहे. दुल्हाभाईंच्या पंपदुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक उरलेलं नाही, जळालेली मोटर भरून घ्यायच्या ऐवजी शेतकरी ती तशीच कोपऱ्यात ठेवतोय, आणि तुझं सगळं घर आता अफनानच्या कमाईकडे डोळे लावून बसलंय, तेही ठाऊक आहे. तरीही जाऊ देऊ नकोस. कारण एकदम लिहिलं तर तुला पटणार नाही. मी डोळ्यांनी पाहिलं, मला अजून पटलेलं नाही.

फोन केला नाही, कारण तुमचा फोन दुल्हाभाईंच्या दुकानात आणि आमचा अब्बांच्या गादीशेजारी. मराठीत लिहितेय तेही मुद्दाम. उर्दूत लिहिलं असतं तर अब्बांनी वाचल्याशिवाय सोडलं नसतं. घरात आलेला कागद त्यांना आधी लागतो. आपल्याला मराठी शाळेत घातलं म्हणून दादी किती ओरडली होती! बघ, कसा उपयोग झाला.

अम्मी गेल्यापासून दुकानाचं काय चाललंय ते मी तुला नीट सांगितलंच नव्हतं. रंग जुळला नाही म्हणून रंगवलेले कपडे परत यायला लागले होते. आधी एखादी ओढणी, मग दर आठवड्याला काहीतरी. यंदा नवं लुगडं घेणारे कमी, जुनंच रंगवून लग्नात नेसणारे जास्त, म्हणजे काम भरपूर आणि नेमकं तेव्हाच हे. अब्बा म्हणायचे, पाणी खारं आहे. आम्हालाही पटायचं. बोअरचं पाणी सोडून टँकर मागवला, तरी तेच. मग म्हणायचे पूड भेसळीची आहे. व्यापारी बदलला, तरी तेच. अब्बांच्या रंगात खोट काढायची आपल्या घरात कुणाची टाप होती? अमरावतीत लग्न ठरलं की बायका आधी अब्दुल गफ्फारच्या रंगाच्या डेगीजवळ येतात आणि मग हॉल बघतात, असं अम्मी मिरवून सांगायची.

शेवटी फुरकाननं ठरवलं की रंग मोजायचं यंत्र घ्यायचं, हातात धरता येईल असं. पुढे त्याचा पेंटचा काउंटर, मागे अब्बांची रंगाई, दोन्हीकडे चाललं पाहिजे. परवा नागपूरहून एक विक्रेता तीन यंत्रं घेऊन आला, आणि आपल्या दुकानात जणू मुलगी बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पहिलं अगदी खिशात मावणारं, तोंड वाटाण्याएवढं. गुळगुळीत टाइलवर झकास चाललं, पण लुगड्यावर ठेवलं तर जागा बदलली की आकडा बदले; इतक्या लहान तोंडात कापडाचे चारच धागे येतात म्हणे. दुसऱ्याचं तोंड रुपयाएवढं, ते तिरपा उजेड टाकून बघतं, म्हणजे आपण दारात उभं राहून कापड बघतो तसं. तिसऱ्याच्या पोटात पांढरा पोकळ गोळा, त्यात उजेड चहूबाजूंनी पडतो, त्यामुळे ऑइलपेंटची चमक त्याला फसवत नाही. ते जड होतं, पण फुरकानचं मन त्याच्यावरच बसलं. आम्ही दुकानाची भिंत मोजली, शटरचा पत्रा मोजला, डेग मोजली. कापडाची चौपदरी घडी घालायची, नाहीतर खालच्या टेबलाचा रंग वर येतो, हेही कळलं. आपा, मला इतकी मजा येत होती की मी चहा ठेवायचा विसरले.

अब्बा गादीवरून बघत होते. म्हणाले, "घ्यायचं तं घ्या, पन पहिले त्याची परीक्षा मी घेईन." उठून मागे गेले आणि कौशल्याकाकूंचं काम घेऊन आले. भातकुलीच्या नत्थुजींच्या कौशल्याकाकू, तुला आठवतील, अम्मीसाठी दरवर्षी ज्वारीचा हुरडा आणायच्या. त्यांच्या प्राजक्ताचं लग्न आहे. नवा शालू काही जमला नाही, म्हणून काकूंचंच ठेवणीतलं मेहंदी रंगाचं लुगडं ती नेसणार आणि त्यावर जुळणारी ओढणी अब्बांनी रंगवायची. काकू ती न्यायलाच येऊन बसल्या होत्या. अब्बांनी लुगडं आणि ओढणी शेजारी पसरली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बोल म्हना तुमच्या मशीनले. जोडी जमली का नाही?"

विक्रेत्यानं दुसरं यंत्र ठेवलं. फरक इतका मोठा आला की तो स्वतःच गोंधळला. त्यानं यंत्र त्याच्या पांढऱ्या फरशीवर तपासलं, पुन्हा ठेवलं. तेच. मग तिसरं ठेवलं. तेच. अब्बा मोठ्यानं हसले. "घेऊन जा ह्या मशिनी नागपूरले. आंधळ्या हाय तिन्ही."

आणि मी ओढणीकडे पाहिलं. आपा, ओढणी कत्थई होती. थोडीथोडकी नाही, पानाला लावायच्या काथासारखी कत्थई. शेजारी हिरवट मेहंदी लुगडं आणि मधोमध अब्बा, हसत. काकूंना वाटलं अब्बा थट्टा करतायत. त्या म्हणाल्या, "काहून मजाक करून राहिले जी भाऊ? एक मेंदीचा हाय अन् एक कत्था." अब्बांचं हसू तोंडावरच राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फुरकानकडे. मग त्यांनी ओढणीचं टोक चिमटीत धरलं आणि दाबून दाबून पाहायला लागले, जणू रंग बोटाला कळणार होता. मला ते बघवेना. मी रडले, सगळ्यांच्या देखत.

विक्रेता शहाणा निघाला, चहा प्यायला म्हणून बाहेर गेला. मग अब्बा ओट्यावर बसले आणि बोलले. एवढं बोलताना मी त्यांना अम्मीच्या मय्यतीलाही पाहिलं नव्हतं. "तुमच्या अम्मीले लग्नाच्या पहिल्याच हप्त्यात समजलं होतं. मी तिच्या अंगावरच्या लाल जोड्याले मातकट म्हनलो. कोनाले सांगतलं नाही तिनं. मले म्हणे, तुमी रंग बनवा, मी चहा आनते."

आता आठव आपा. डेग उकळायला लागली की अम्मी चहा घेऊन मागच्या दारात उभी. कापड काठीवर वर आलं की तिची बडबड सुरू, थोडं हिरवं कमी आहे, लाल जरा आवरा, बस्स आता. गिऱ्हाइकं अब्बांना चिडवायची, तुमच्या घरी हुकूम भाभीचा. अब्बा म्हणायचे, दोन डोळ्यांपेक्षा चार बरे. आपण दोघी तर तिलाच हसायचो, की जहाँआराबी नवऱ्याला सुखानं चहा पिऊ देत नाही. ती टोकत नव्हती गं, ती बघत होती. पूड किती, मीठ किती, आच किती, कापड किती वेळ ठेवायचं, हे सगळं अब्बांचं होतं आणि त्यात त्यांचा हात धरणारा अजूनही कोणी नाही. फक्त लाल आणि हिरव्यातला फरक त्यांना कळत नाही. जन्मापासून. अम्मीनं उभ्या संसारात ही गोष्ट ना माहेरी सांगितली, ना आपल्याला. मला तिचा इतका अभिमान वाटतो आणि इतका रागही येतो, की दोन्ही एकदम कसं सांभाळायचं ते समजत नाही.

कौशल्याकाकूंनी मात्र कमाल केली. मला वाटलं गावभर बोलतील. त्यांनी ओढणी घडी करून पिशवीत घातली, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माणसाले दिसत नाही तं त्यात गुन्हा काय हाय? दुसरी रंगवा. या बारी शाइस्ता चहा आनन." काल मी मागच्या दारात उभी राहिले, हातात कप घेऊन. अब्बांनी काठी वर केली आणि माझ्याकडे बघितलंच नाही, नुसते थांबले. मी म्हटलं, लाल कमी करा. त्यांनी मान हलवली. ओढणी जमली, आपा. दुसरं यंत्र आम्ही ठेवून घेतलंय, तिरप्या उजेडाचं. फुरकान म्हणाला, माझ्या पेंटचं बघू नंतर, आधी कापड. त्या यंत्रानंही जोडी कबूल केली. अब्बा म्हणाले, "हिले चहा करता येते का, ते पन विचारा."

आता खरं कारण. काल संध्याकाळी आम्ही अब्बांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांच्याकडे रंगीत ठिपक्यांचं पुस्तक आहे, ठिपक्यांत आकडे लपलेले. मला आणि फुरकानला सगळे दिसले. अब्बा पानावरून हात फिरवत राहिले. बाई म्हणाल्या, यावर औषध नाही, पण धोकाही नाही. मग त्यांनी सहज विचारलं, मुली किती? म्हटलं, दोन. त्या म्हणाल्या, हे बापाकडून मुलाला जात नाही. मुलीकडून जातं. मुलीला स्वतःला काही होत नाही, पण तिच्या मुलात निम्म्या वेळा उतरतं. तिथेच मला अफनान आठवला. तुमच्या अकोल्याच्या मैदानावर लाल चेंडू गवतात पायाशी पडलेला असायचा आणि हा चारी दिशांना शोधायचा. आपण म्हणायचो, पोराचं चित्तच नाही. गेल्या हिवाळ्यात तो इथे आला तेव्हा झाडाखाली बसून एकेक बोर पिकलंय का ते दाबून बघत होता, आणि अब्बा कौतुकानं म्हणाले होते, माझ्यावर गेलाय. अब्बांनाही तेव्हा कळलं नसेल ते काय बोलतायत. आजवर प्रत्येक कामावर त्याच्यासोबत नितेश होता, शाळेपासूनचा जोडीदार. आता नितेश पुण्याला गेला आणि अफनान पहिल्यांदा एकटा वायरी जोडणार आहे. लाल वायर, हिरवी वायर, आपा. कदाचित माझा अंदाज चुकीचा असेल, अल्लाह करो चुकीचाच असो. पाकिटात कापडाचे दोन तुकडे ठेवलेत, एक काकूंनी लुगड्याच्या आतल्या टोकाचा काढून दिलेला, एक त्या पहिल्या ओढणीचा, तोही त्यांनीच दिलेला. अफनानला दारात, उजेडात बसव. रागावू नकोस, दुल्हाभाईंना जवळ येऊ देऊ नकोस. रंगाची नावं विचारू नकोस, तो काहीतरी सांगून मोकळा होईल. दोन्ही एकच आहेत का, एवढंच विचार. आणि त्याच्या तोंडाकडे बघू नकोस, हातांकडे बघ. उत्तर द्यायच्या आधी त्यानं तुकडा चिमटीत धरून दाबून पाहिला, तर त्याला जवळ घे आणि फुरकानबरोबर इकडे पाठवून दे. पूड, मीठ, आच अब्बा त्याला शिकवतील; मागच्या दारात दोघांपुरता चहा मी रोज करीन.

फुरकान परत येईपर्यंत दारातच बसलेली,
तुझीच
शाइस्ता