पेन धरायचे हात

माय, काल माझ्या दुकानात चिखलीच्या एका शाळेतल्या बाई आल्या होत्या. पाण्याच्या मोटारीच्या दुरुस्तीसाठी नाही, माझ्यासाठी. शनिवारी दहावीच्या मुलांपुढे चार शब्द बोला म्हणाल्या. करिअर कसं निवडावं, स्वतःला कसं ओळखावं. मी म्हटलं, बाई, एखाद्या डॉक्टरला बोलवा. तर म्हणाल्या, ते दरवर्षी येतात, आणि मुलं दरवर्षी ‘डॉक्टर’ लिहून मोकळी होतात. मुलांना भरायला देतात तो कागद त्यांनी मलाही दिला. मला काय जमतं, काय आवडतं, कुठे कमी पडतो, अजून काय शिकायचं आहे आणि कोणाकडून. चहा निवेपर्यंत मी सगळं भरून टाकलं. शेवटचा प्रश्न होता, ‘हे घरी कोणाशी बोललात?’ तिथे पेन अडलं ते अडलंच. म्हणून तुला लिहितोय. तुला जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हा उशीर केला म्हणून तू रागावणार थोडीच आहेस.

देऊळघाटच्या शाळेत तू खिचडी शिजवायचीस. मी दहावीची परीक्षा देऊन घरी रिकामा होतो. एक दिवस शाळेची पाण्याची मोटार बंद पडली आणि दोनशे पोरांची खिचडी अडली. मी मोटार उघडली, आतली तुटलेली तार शोधून जोडली, आणि पाणी सुरू झालं. हेडमास्तर म्हणाले, “मावशी, पोराचा हात चांगला आहे.” मी फुगून गेलो.  घरी आल्यावर मात्र तू माझे दोन्ही हात धरून राखेनं घासलेस, पार लाल होईपर्यंत. “काऊन गेलता तिकडं? आज शाबास म्हनतेत, अन् उद्यापासून रोज बोलावतेत. तुह्या बापानं जिंदगीभर लोकाइच्या विहिरी खंदल्या. तुह्ये हात पेन धराले हायेत.” तू चुकीचं बोलत नव्हतीस. शाबासकीच्या मागून काय येतं ते तू आणि तुझ्या आधीच्यांनी पाहिलं होतं. पण मला त्या दिवशी माझ्याबद्दल पहिल्यांदा काहीतरी कळलं होतं, आणि ते तुला आवडलं नाही, एवढंच माझ्या लक्षात राहिलं.

मग मी पेन धरलं. बी.ए. झालो, विहारातल्या खोलीत बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला, आणि एकदाची पूर्व परीक्षा निघाली. ही नुसती पहिली पायरी, पुढे मुख्य परीक्षा आणि मुलाखत आहे, असं मी समजावून सांगतोय, तोवर तू पेढे वाटायला निघालीसुद्धा होतीस. “पास झाला ना? मंग झालं.” चार दिवसांत स्टँडवर फ्लेक्स लागला. माझा मोठा फोटो, खाली लिहिलेलं, ‘अधिकारीपदी निवड’. गावातल्या कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. फ्लेक्स एकदा लागला की खरं सांगायला तोंड राहत नाही. मुख्य परीक्षेत मी नापास झालो. तू शेजारणीला म्हणालीस, “ऑर्डर याले टाइम लागते.” माझ्याकडे बघितलंस, आणि मी मान हलवली.

पुढची दोन वर्षं तू रोज डबा बांधून दिलास. मी बुलढाण्याच्या अभ्यासिकेत जातो म्हणून निघायचो, आणि तिथे गाडी बदलून चिखली गाठायचो. एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे जळालेल्या मोटारींमधली तार काढून नवी भरायला शिकत होतो. राज्यघटनेची कलमं मला सकाळी पाठ व्हायची आणि दुपारी जायची. पण कुठल्या मोटारीत तारेचे किती वेढे होते ते महिन्यानंतरही आठवायचं. पुस्तकापुढे तासभर न टिकणारा मी, एका मोटारीपुढे दिवसभर बसायचो आणि जेवण विसरायचो. कमी कुठे पडत होतो तेही तिथेच कळलं. गिऱ्हाईक आजच्या आज द्या म्हणालं की मी हो म्हणायचो आणि मग तोंड लपवायचो. मिस्त्री म्हणायचे, “हात शिकला तुहा, तोंड कधी शिकन? नाई म्हनता येत नाई तुले.” हळूहळू तेही शिकलो. गिऱ्हाइकाला नाही म्हणायला शिकलो, तुला नाही. संध्याकाळी घरी आलो की तुला माझ्या कपड्यांना मोटारीच्या तारेवर चढवायच्या वॉर्निशचा वास यायचा. मी सांगायचो, अभ्यासिकेत बाकांना रंग देऊन राह्यले. दोन वर्षं ते बाक रंगतच होते, आणि तू एकदाही पुढे विचारलं नाहीस. साहेब होणाऱ्या पोरावर तू शंका कशाला घेशील?

मग एका शुक्रवारी तू दवाखान्यात. मे महिना, बाहेर रस्ता तापलेला, आणि तुझ्या खाटेवरचा पंखा नुसता गुणगुणायचा, फिरायचा नाही. मी उशाशी सामान्य ज्ञानाचं पुस्तक उघडून बसलो होतो. तू शेजारच्या खाटेवरच्या बाईला दम खात खात सांगत होतीस, “माहा पोरगा साहेब होऊन राह्यला.” ती माझ्याकडे आदरानं बघत होती. तुझी मान, पाठ, उशी, सगळं घामानं भिजलेलं. मी पुस्तकानं वारा घालायला लागलो की म्हणायचीस, “राहू दे, तू वाच.” शनिवारी तू विचारलंस, “हा पंखा काऊन फिरत नाई रे?” मी म्हटलं, “आपल्याले काय समजते त्यातलं? वायरमन येनार हाये सोमवारी.” रविवारी दुपारी तू गेलीस.

शाळेत मी जाईन. मुलांना माझं काम दाखवेन, काय जमतं ते कसं ओळखायचं तेही सांगेन. त्या शेवटच्या प्रश्नावर काय बोलायचं ते अजून ठरत नाही. आज तुझी इतकी आठवण येते की दुकान उघडूनही कामाला हात लावलेला नाही. हे पत्र टाकायला पेटी नाही, वाचायला तू नाहीस, तरी एक गोष्ट लिहून ठेवतो. त्या पंख्यातलं मला समजत होतं, माय. त्याचा कपॅसिटर गेला होता, पाच मिनिटांचं काम. तसाच नवा कपॅसिटर त्या तिन्ही दिवशी माझ्या पिशवीत होता. स्टुलावर चढलो असतो तर त्या बाईनं तुला विचारलं असतं, साहेबाले हे कसं येते, म्हणून मी बसून राहिलो.