पान दोनशे चौदा

३ मार्च, सकाळी ७
आजपासून नियम. रोज चाळीस तळटीपा. प्रबंध ३१ला जमा करायचा, नाहीतर नोंदणी रद्द. विषय : जुन्या पत्रांतले मायने. सहा वर्षं झाली, आता फक्त संदर्भ राहिलेत. म्हणजे कारकुनी. आठवड्यात उरकतो.

३ मार्च, दुपारी
एम.ए.चे निबंध तपासले. शिसारी आली. अकरा जणांची एकच तळटीप, तीत एकच चूक. मक्षिकास्थाने मक्षिका. मूळ पुस्तक एकानेही उघडलेलं नाही. वर्गात अर्धा तास झाडलं. मागच्या बाकावरून जांभई आली. तीसुद्धा शेजाऱ्याची उचललेली.

७ मार्च
तळटीपा : चार.
मार्गदर्शक मॅडमचा निरोप. (माझीच जुनी विद्यार्थिनी. पूर्वी 'अगं' म्हणायचो, आता 'अहो मॅडम'. तिला संकोचही वाटत नाही.) म्हणते, सर, तिसरं प्रकरण सबंध एका वाक्यावर उभं आहे, 'मायन्यातच अर्धं उत्तर असतं', ते ज्या ग्रंथातलं म्हणता त्याच्या त्या पानाची झेरॉक्स जोडा. झेरॉक्स! विद्वानाच्या शब्दावर आता विश्वास नाही, यंत्राच्या उजेडावर आहे.

१२ मार्च
ग्रंथालय. ग्रंथपालबाईंनी तो थोर ग्रंथ शोधून काढला. अगदीच बारीक निघाला. म्हणाल्या, सर, तुम्ही पान दोनशे चौदा लिहिलंय, हे तर एकशे बाराला संपतंय. म्हटलं, आवृत्ती वेगळी असेल. म्हणाल्या, दुसरी निघालीच नाही, आणि या पहिलीची पानं कडेला अजून जोडलेलीच आहेत, वाचलं कुणी? म्हटलं, आमच्या पिढीचं पाठांतर होतं. बाईंनी पट्टी पुढे केली. पाच वाजेपर्यंत पानं सोडवत बसलो. वाक्य नाही. शिंका सतरा.

१३ मार्च
हिचं म्हणणं, अहो, मग तुम्ही ते वाचलंत तरी कुठे? प्रश्न मूलगामी होता. म्हणून उत्तर दिलं नाही.

१८ मार्च
सापडलं! मॅडमच्याच प्रबंधात. तेच वाक्य, तेच दोनशे चौदा. किळस आली. मूळ न पाहता संदर्भ ठोकून देणारी माणसं इथे मार्गदर्शक होतात! उद्या विभागाच्या बैठकीत विचारणार. भाषण तयार आहे. तीन ठिकाणी टाळ्यांसाठी थांबायचं.

१९ मार्च
विचारलं. पहिल्या टाळीच्या जागी मॅडमने प्रबंध पुढे सरकवला. म्हणते, सर, तळटीप पूर्ण वाचा ना. चष्मा लावून मोठ्याने वाचली. 'मूळ ग्रंथ पाहायला मिळाला नाही. उद्धृत :' आणि पुढे माझं नाव. माझा बावीस वर्षांपूर्वीचा लेख. अक्षर फार बारीक होतं, काल तिथवर गेलो नव्हतो.
वर म्हणते, तुम्ही तेव्हा शिकवत होतात सर, तुमच्यावर शंका कशी घेणार?

२४ मार्च
माळ्यावरची जुनी टिपणं उपसली. या ग्रंथाचं एकही नाही. बहुधा वाक्य माझंच आहे. चांगलं आहे. पान दोनशे चौदाच का, ते आठवत नाही. भारदस्त वाटलं असावं.
मुदतवाढीचा अर्ज केला. कारण : तात्त्विक मतभेद.

३१ मार्च
अर्ज नामंजूर. नोंदणी रद्द.
मॅडमचा फोन. म्हणते, सर, रागावू नका, पण नियतकालिकात त्या संदर्भातल्या चुकीबद्दल खुलासा छापायला हवा. तुमचा तो लेख नेमका कुठल्या अंकातला? सांगितलं. संध्याकाळी मसुदा आला. माझं पूर्ण नाव, लेखाचं शीर्षक, वर्ष, अंक, पान.
लेख काढून ताडून पाहिलं. एकही चूक नाही.