मामांच्या गाडीचं तेल आणि कपाटातली हिरवी बाटली

कुमासी, बुधवार दुपार

तीर्थरूप मामांना क्वाबेनाचा शिरसाष्टांग नमस्कार. (हात साबणाने तीनदा धुतले आहेत. तरीही कागदावर काळे ठसे दिसले तर ते तेलाचे समजावेत.)

तुमचा गुडघा कसा आहे? ताकोराडीच्या दमट हवेने तो जास्तच कुरकुरतो असं कळलं. तिकडे फुफूच्या कुटलेल्या गोळ्यात कसाव्हाचा कंद फार आणि केळं नावाला, ही तुमची तक्रारही पोचली. आईने ती ऐकून सगळ्या गल्लीला सांगितली. ती ठणठणीत आहे. तुमची भाची अफ्रियेही बरी आहे, जरा जास्तच बरी आहे, पण ते पुढे येईल. खरं तर फोन करणार होतो, पण फोनवर तुम्ही फक्त बोलता, ऐकत नाही. म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. कृपा करून बसून वाचा.

गाडी माझ्या हवाली करताना तुम्ही बजावलं होतं की तिला कुठल्याही फिटरचा हात लागता कामा नये, कारण फिटर एक गळती बुजवतो आणि दोन नव्या काढून ठेवतो. दुसरी आज्ञा आठ महिन्यांपूर्वीची. अफ्रियेला मागणी घालायला, म्हणजे आपलं दार ठोठावायला, बाफोरच्या घरचे जिनच्या दोन चौकोनी हिरव्या बाटल्या घेऊन आले, तेव्हा तुम्ही त्या कपाटात ठेवायला लावल्यात आणि 'मी सांगेपर्यंत टोपणाला हात लावू नका' म्हणालात. बाटली उघडली म्हणजे मुलगी दिली, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. 'गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्याची नखं कधी स्वच्छ होत नाहीत, विचार करावा लागेल,' असं म्हणून तुम्ही विचार करायला ताकोराडीला परत गेलात. मामा, त्या विचाराला आठ महिने झाले. (बाफोर दर रविवारी नखं घासून येतो. मी पाहिलंय.)

आता गळती. इंजिनाचा मुख्य दांडा जिथून बाहेर डोकावतो तिथे रबराची एक कडी असते, तिला ऑईल सील म्हणतात. ती म्हातारी झाली की तेल बाहेर सांडतं. तुमची म्हातारी झाली होती. (कडी.) अंगणात तेलाचं एवढं तळं साचलं की आईच्या कोंबड्या काळ्या पायांनी घरभर हिंडू लागल्या. येत्या शनिवारी तुम्हाला बसस्टँडवरून तुमच्याच गाडीतून आणायचं, आणि फिटर तर वर्ज्य. तेव्हा रविवारी सकाळी मी स्वतःच पाने घेऊन गाडीखाली शिरलो.

दांड्यावरच्या पुलीचा नट म्हणजे जिद्दी माणूस. पान्याला लोखंडी नळी लावून मी तिच्यावर लोंबकळलो, तर नट न फिरता गाडीच मागे सरकली आणि वाळत घातलेल्या मिरच्यांवर चढली. शेवटी ब्रेक दाबून धरायला आईला तुमच्या सीटवर बसवलं. ब्रेक तिने उत्तम दाबला, तोंड मात्र मोकळं होतं. 'तुझ्या बापानं रेडिओ असाच उघडला होता. तो गेला बिचारा, रेडिओ अजून उघडाच आहे.' तिच्या बोलण्याच्या रागात मी एक हिसका दिला आणि नट सुटला. जुनी कडी तुकड्यातुकड्यांनी निघाली.

नवी कडी बसवण्याआधी जागा लख्ख धुवावी लागते, वाळूचा एक कण राहिला तरी सगळं मुसळ केरात. त्यासाठी नळाजवळ पेट्रोलचा डबा भरून ठेवला होता. तो गायब! रॉकेल संपलेलं, दुकानं बंद, अर्धी गल्ली चर्चमध्ये. मी गाडीखालून ओरडलो, 'अफ्रिये, काहीतरी जळजळीत आण!' तिने आणलं. गाडीखालून माणसाला फक्त पाय दिसतात, बाटलीचा रंग दिसत नाही. मी हात बाहेर काढला, दातांनी टोपण उघडलं, चिंधी भिजवली आणि मनापासून घासलं. मामा, खरं सांगतो, जागा अशी निघाली की आरसा बघावा. मग वास आला.

मी बाटली हातात धरून बाहेर सरपटतो तर समोर बाफोर. त्याच्याच दुकानातली नवी कडी पोचवायला आला होता. त्याने बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कडी बॉनेटवर ठेवली, टोपी काढली आणि तडक चर्चकडे निघून गेला. अर्ध्या तासात त्याचे मामा आणि दोन आत्या चर्चमधून तडक आल्या, पांढऱ्या कपड्यांत, टाळ्या वाजवत. 'उघडली, उघडली!' मी काही समजावून सांगणार, तोच आईने तुमच्या सीटवरूनच पेले पुढे केले. (पेले तिथे कुठून आले, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.) प्रत्येकाने घोट घेतला. एक आत्या म्हणाली, चव जरा तेलकट आहे, पण सोयरीक पक्की.

कडी मी टोमॅटोच्या रिकाम्या डब्याने हळूहळू ठोकून बसवली, ती उलटी बसली. बाफोर चर्चच्या पांढऱ्या शर्टात गाडीखाली शिरला आणि दुसरी आणून सुलटी बसवली. तो फिटर नाही, दुकानदार आहे, म्हणजे तुमची आज्ञा मोडलेली नाही. त्याची नखं पुन्हा काळी झाली, पण या खेपेला तुमच्याच गाडीच्या तेलाने. अंगण तीन दिवस कोरडं आहे.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक (बराचसा) भाचा,
क्वाबेना

ता. क. खरं मागणं हे. शनिवारी ती मंडळी दारात येतील. 'बाटली कोणाच्या सांगण्यावरून उघडली?' असं विचारतील तेव्हा एवढंच म्हणा, 'माझ्या.' तुम्ही नाही म्हणालात तर बाटल्या परत कराव्या लागतील, आणि उघडलेली बाटली कुठल्या तोंडाने परत करायची? अफ्रियेने रविवारपासून नीट खाल्लेलं नाही. आनंदाने आहे की धास्तीने, ते तिलाही सांगता येत नाही. मला तिच्यासाठी फार वाईट वाटतं, मामा. अर्धी बाटली उरली आहे, पूर्वजांच्या नावाने ती तुम्हीच जमिनीवर ओता.

दुसरा ता. क. पेट्रोलचा डबा आज सापडला. तुमच्या सीटखाली होता. त्या सीटवर त्या दिवशी कोण बसलं होतं, ते वर लिहिलंच आहे.

तिसरा ता. क. आई शेजारी उभी राहून सांगते आहे, मी जसंच्या तसं उतरवतो:

'दादा, पोराला रागावू नकोस. डबा मी लपवला. माझ्या वेळी आपले मामा बाटल्या कपाटात ठेवून वर्षभर विचार करत होते, तेव्हा त्यातली एक कोणी उघडली होती? ठेच लागली, जखम धुवायची होती, असं तू सगळ्यांना सांगितलंस. तुझ्या त्या पायावर जखमेचा साधा वणही नाही. मी कधी बोलले नाही. शनिवारी ये, फुफूत केळं भरपूर घालते.'