आक्काला शिकवलेले प्रश्न

प्रिय संगमेश,

परवा फोनवर तू विचारलंस, आक्काच्या इंग्रजीला खर्च किती आला. फी मी घेणार नव्हतोच, उलट तिनं चाकूरहून येताना आणलेल्या ज्वारीच्या कडक भाकरी आम्ही अजून खातोय. तिचं खाणं म्हणशील तर दोन वेळा कपभर चहा आणि भाकरीचा चतकोर. खरा खर्च झाला तो तिच्या रविवारचा. तेव्हा हे बोललो नाही, कारण तुझा फोन स्पीकरवर होता आणि शेजारी कुणीतरी शेंगा फोडत होतं. ती आक्काच होती, मला कळलं. म्हणून हे पत्र, आणि तेही घरच्या नव्हे, दुकानाच्या पत्त्यावर.

तुला आपले रिक्षाचे दिवस आठवत असतील. नांदेड स्टेशनात गाडी लागली की तू गुरुद्वारा, गुरुद्वारा म्हणून गळा फाडायचास, आणि मी कॅनडा-इंग्लंडहून आलेल्या सरदारांचं बोलणं कानात भरून घ्यायचो. सातवी नापास माणूस मी, सगळं इंग्रजी मागच्या सीटकडून शिकलो. त्याच्यावर क्लास काढला, त्याच्यावर घर बांधलं. आक्काचा एकुलता एक पोरगा प्रेम तिकडे इंग्लंडात वारला, आणि आजी-नातीच्या मधला बोलका दुवाच गेला, तेव्हा तू म्हणालास, माझ्या आक्काला शिकवशील का. मी छाती ठोकून सांगितलं, पाठव, मला उत्तर सुचणार नाही असं इंग्रजी अजून कुणी बोललेलं नाही.

क्लासात मी तिला बसवलंच नाही. पोरं हसली असती. वरच्या खोलीत आम्ही दोघंच. आमच्या घरची लक्ष्मीबाई खालून ओरडायची, "आक्का, मास्तर रागावला तर मला सांगा, मी त्याला मराठीत रागावते." आक्का हसायची, पदर खोचायची आणि शाळेतल्या पोरीसारखी ताठ बसायची. तिची जीभ लवकर वळली. पण संगमेश, मी तिला काय शिकवलं ते ऐक. माझं इंग्रजी रिक्षाचं. कुठून आलात, किती जण, जेवण झालं का, कुठं उतरणार. नुसते प्रश्न. तिलाही तेच हवे होते. आपल्याकडं माया म्हणजे काय रे, विचारणंच ना? पाहुणा दारात आला की जेवलास का, कोण कोण आलं, अंगात बरं हाय का. न विचारणारा माणूस कोरडा. आक्का म्हणायची, "दया, नातीला लई विचारायचंय. तिची वेणी कोण घालतं, शाळेत सोबत कोण जातं, बापाची याद येती का. ते शिकव." मी शिकवलं.

त्याआधी तिचे रविवार नातीच्या व्हिडिओ फोनवर कसे जायचे ते तू पाहिलंच आहेस. एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. आक्का फोन वासराकडं वळवायची, दुरूनच कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढायची, आणि नात एली तिकडं तशीच बोटं मोडायला बघायची. अर्धा अर्धा तास दोघी हसत असत.

शेवटचा फोन माझ्या वरच्या खोलीतून झाला. आक्कानं नवं लुगडं नेसलं होतं. जेवलीस का, विचारलं. काय जेवलीस. वेणी कोणी घातली. शाळेत कोण नेतं. बापाची याद येती का. पोरगी आधी नीट बोलली, मग हो-नाहीवर आली, मग तिनं मान वळवली आणि आईला म्हणाली, ही मला सारखं का विचारते? आधी किती फनी होती. मला बोलायलाच पाहिजे का?

हळूच म्हणाली. मी मनात म्हटलं, आक्काला कळलं नसावं. आक्कानं तिला बाय केलं, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "फनी म्हंजे गमतीची ना रं? मग आता मी न्हाई का तशी?" दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली. लक्ष्मीबाईनं हात धरला तर म्हणाली, "शिकून झालं बाई."

आता तू म्हणतोस, रविवारी दुपारी आक्का तुझा फोन बंद करून पिठाच्या डब्यावर ठेवते आणि शेतात निघून जाते, तिला जरा समजाव. समजावू नको. फोन बंदच राहू दे. ती गेली त्याच सोमवारी सूनबाईनं मला फोन केला होता. वाईट बोलली नाही, माझ्यासाठी इंग्रजी सावकाश बोलली. म्हणाली, एली फोनला घाबरायला लागली आहे, बापाचं नाव निघालं की रात्री झोपत नाही, आता रविवारचा फोन आम्ही करणार नाही. आक्काला वाटतंय, फोन येतो आणि आपणच घेत नाही. तेवढं तरी तिच्याकडं राहू दे. चालू ठेवलास तर तो वाजणार नाही, आणि ती समोर बसलेली असेल.

तू विचारशील, दया, तू सूनबाईला काहीच कसं बोलला नाहीस. बोललो ना. "ओके मॅडम, नो प्रॉब्लेम."

तुझाच,
दयानंद