विहिरीतलं कासव

आई, तुला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि आज मी तुला मराठीत लिहून राहिले. घरात आता माझ्याशी मराठी बोलणारं कुणी नाही. मुलाला समजतं सगळं, पण उत्तर तो हिंदीतच देतो. लिहायचं आहे ते रांझीच्या आपल्या क्वार्टरांमागच्या विहिरीबद्दल.

मी नऊ-दहा वर्षांची आहे. बाबा फॅक्टरीत गेलेत. विहिरीवर तू शेजारणींना सांगते आहेस की आत एक म्हातारं कासव राहतं, साबणाचं पाणी गेलं तर ते मरेल. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "कुठंय कासव? मला तर कधीच नाही दिसलं." तू घागर भरून घरी आलीस. मग पोळ्या लाटता लाटता म्हणालीस, "काहून गं मध्ये बोलते? विहिरीत कोणी कचरा टाकून राहिलं काय? नाही ना? मग झालं तर." पुढे बायकांनाच कासव दिसायला लागलं. एकीला पहाटे, एकीला ग्रहणाच्या दिवशी. उन्हाळ्यात गाळ काढायचा तर तू दारोदार जायचीस, आणि कासवासाठी म्हणून घरटी एक माणूस यायचा. मला ती तुझी रिकामी गप्पाष्टकं वाटायची. मैत्रिणींसमोर लाजही वाटायची.

मी नगर निगमच्या पाणी विभागात इंजिनिअर झाले, हे तू पाहिलं नाहीस. यंदा ती विहीर बुजवून पार्किंग करायचा प्रस्ताव आला. मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप फिरला आणि सुनावणीला तीस-चाळीस बायका आल्या. पहिलीच उठून म्हणाली, "साहब, उसमें कछुआ है." सुनावणी घेणारे आमचे साहेब हसले. "किसने देखा?" मग एकेक जण सांगू लागली, कुणाचं कासव परातीएवढं, कुणाचं वाटीएवढं. बहुतेकींनी तुला पाहिलेलंही नव्हतं, सासूकडून ऐकलं होतं. एका सुनेनं मोबाइलवर यंदाच्या सफाईचे फोटो दाखवले. गाळाच्या घमेल्यांची रांग, आणि खाली नितळ पाणी. साहेबांचं हसू थांबलं. शेजारी फाइल घेऊन मी बसले होते, ते माझ्याकडे वळले. "मैडम, आप तो वहीं की हैं. आपने देखा है?"

मी म्हणाले, "जी, बचपन में."

प्रस्ताव परत गेला. विहिरीची देखभाल आता त्या बायकांच्या समितीकडे आहे, रीतसर कागदावर. निघताना एक म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "बेटा, तेरी अम्मा होती तो खुश होती." मी मान हलवली.

हा कागद कुठं जाणार नाही, म्हणून लिहिते. विहीर वापरात नाही, असा अहवाल त्या प्रस्तावाच्या फाइलीत मीच दिला होता. बघायला गेले नव्हते. ऑफिसातून स्कूटीनं वीस मिनिटं लागतात.