‘कदाचित’ नसलेली ओळ

९ मार्च, सोमवार, दुपार

प्रिय दादा,

इथूनच वाकून नमस्कार. वहिनीची कंबर कशी आहे? मी ठणठणीत. खोलीत आम्ही सहा जण. खिडक्या आहेत, पण उघडत नाहीत. मोबाईल फाटकावर जमा, म्हणून हे पत्र. तक्रार नाही, सांगतोय आपलं.

काम काय ते विचारलं होतंस. एक अवाढव्य काम संगणक हजार तुकड्यांत वाटतो आणि हजार हात एकदम लिहायला लागतात. त्याआधी कंपायलर नावाचा तपासनीस सगळं वाचून पिवळ्या ओळींत बोंब ठोकतो, परक्या भाषेत : ‘दोन हात कदाचित एकाच जागी लिहितील.’ लिहीत नाहीत रे! आपण एकाच वहीत लिहायचो, तू डाव्या पानावर, मी उजव्या, तरी आई आतून ओरडायचीच, “भांडू नका!” तसंच हे. मी दिवसाला नऊशे वेळा ‘बोंब खोटी’ हे बटण दाबतो.

हे शिकवलं शेजारच्या चष्मेवाल्या काकांनी. मी खोट्या ठरवलेल्या ओळींच्या यादीवर सही त्यांची. म्हणायचे, “अरे, वाचून दाब! बोट आहे की शिवणयंत्राची सुई?” मी हसायचो. इथे सगळे मला तुझ्या नावाने हाक मारतात. अजून वळायला जरा उशीर होतो.

तर झालं असं. मंगळवारी एका ओळीत ‘कदाचित’ नव्हतं. नुसतं ‘लिहितील’, हे मागाहून कळलं. ती भाषा मला वाचता येत नाही, दादा. मी ओळीचा आकार ओळखतो. पिवळं दिसलं, दाबलं. ते काम कुठल्याशा शहराच्या पाण्याच्या वेळापत्रकाचं होतं. दोन हात खरंच एका चौकटीत लिहून गेले आणि एका वस्तीची पाळीच पुसली गेली. तीन दिवस नळ कोरडे.

शुक्रवारी काकांना घरी बसवलं. साहेब म्हणाला, “पोरगा दहावी पास आहे. त्याला नीट शिकवलं नाहीत, वर डोळे मिटून सही केलीत.” जाताना काका हळूच म्हणाले, “वाचता येत नाही हे सांगायचंस ना. शिकवलं असतं.”

दोन दिवस एकच हिशेब करत बसलो. तू शाळेत शिपायाच्या जागेसाठी अर्ज केलास, वहिनीने कळवलंय. तोंड उघडलं तर तुझा दहावीचा दाखला गेला, मिटलं तर काका गेले.

सकाळी सांगून टाकलं. चौथी नापास मी, दाखला भावाचा. काकांना परत बोलावतील म्हणतात. मला सोडत नाहीत. करार दोन वर्षांचा, आणि चौकशी संपेपर्यंत साहेबाच्या दाराबाहेरच्या या बाकावर.

तुला चौकशीचं पत्र येईल. सोबत वेगळी चिठ्ठी आहे. दाखला मी तुला न विचारता नेला, असं तिच्यात माझ्या हाताने लिहिलंय. ती दाखव. तू तो स्वतः माझ्या पिशवीत ठेवलास, हे कुणापुढे काढू नकोस. वहिनीपुढेही नाही. हे पत्र वाचलंस की फाड.

तुझाच धाकटा,
चिठ्ठीपुरता चोर